तोतारामचे चार सेट

लोटननानांनी चहाची बशी निळ्या बेस ड्रमवर ठेवली. तोतारामने ती उचलून त्यांच्या हातात परत दिली.

"नाना, ते टेबल नाही."

"मंग ठेवू कुठे? पाय ठेवाले जागा शे का तुना घरमा?"

जागा नव्हतीच, हे खरं. धुळ्यातल्या त्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत ड्रमचे चार सेट छतापर्यंत रचलेले होते, आणि त्यांच्या मधल्या बोळात तोतारामची मुलगी भिकू झोपायची. पण म्हणून काय उष्टी बशी ड्रमवर ठेवायची? नाना लग्न जुळवणारे होते, वयाने मोठे होते, म्हणून तोताराम एवढ्यावर थांबला. दुसरं कोणी असतं तर त्याला बशीसकट बाहेर काढलं असतं.

नानांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि मुद्द्यावर आले. जळगावच्या मंडळींना भिकू पसंत होती. मुलगा धनसिंग पाइपच्या कारखान्यात कायम झालेला, निर्व्यसनी, एकुलता एक. बाप नव्हता, सगळा कारभार काका कौतिकरावांकडे. काका कचेरीत हेडक्लार्क. मागच्या आठवड्यात घर पाहून गेले होते.

"बठ्ठं त्यासले पसंत शे," नाना म्हणाले. "फक्त हाई सामान. यादीना दिनपर्यंत काढी टाक म्हनतस. आपला लोकस्मा कोनी वाजाडस का, असं इचारी राह्यनात."

तोतारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या लोकांत कोणी वाजवत नाही! अरे, नाचतात मात्र सगळे. वरातीत धोतराचा सोगा तोंडात धरून नाचतात, फेटे उडवतात, आणि ज्याच्या ठोक्यावर नाचले त्याला जेवायला शेवटच्या पंगतीत बसवतात, तेही मांडवाबाहेर. एसटीच्या वर्कशॉपात फिटर असलेला तोताराम वीस वर्षं लग्नसराईत रजा टाकून बँडमध्ये जाझ, म्हणजे असाच ड्रमचा सेट, वाजवत होता. पहिल्या वर्षी बापाने त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. बाप गेला, ते बोलणं राहूनच गेलं.

पुढे बँडवाल्यांनी जुने सेट भंगारात काढायला सुरुवात केली, तेव्हा हा एकेक घरी आणत गेला. लाल सेट भुसावळच्या रेल्वेवाल्यांच्या क्लबातला. त्याच्या कडेला इंग्रजी अक्षरांचा पितळी बिल्ला होता. निळा पहूरच्या एका मोडलेल्या बँडचा. तो त्याने एसटीच्या टपावर बांधून, स्वतः शेजारी बसून आणला होता. पांढरा साक्रीच्या बाजारात फिरत्या तंबूवाल्याकडून घेतला. त्याचं चामडं उंदरांनी खाल्लेलं होतं. तोतारामने बकरीचं नवं चामडं बायकोच्या धुण्याच्या टबात भिजत घातलं, आणि शेवंताबाईने त्या टबाला पुढे सहा महिने हात लावला नाही. काळा सेट म्हणजे चार मेलेल्या सेटांतून उभा केलेला एक जिवंत.

"एखादा ठेव," जाता जाता नाना म्हणाले. "पलंगखाल. वरतून गोधडी टाकी दे."

चोरीचा माल आहे जणू!

पण मुलगी तेविसाव्यात होती. भिकूच्या आधीची दोन मुलं राहिली नव्हती, म्हणून तर हे मागून आणल्यासारखं नाव. तिचं चांगलं व्हावं यापुढे तोतारामला काही मोठं नव्हतं. आठ दिवस तो रोज कामावरून आला की सेटांपुढे उकिडवा बसायचा. आवाजाला निळा सगळ्यात खोल. पांढऱ्यावर स्वतःची मेहनत. काळा तर त्याच्यावाचून पुन्हा उभाच राहिला नसता. आणि लाल, लालसारखा लाल खान्देशात दुसरा नव्हता. तो एकाचे स्क्रू सोडायचा, परत आवळायचा, आणि उठून चहा मागायचा.

"आबा, कोणता ठेवताय?" भिकूने एकदा विचारलं.

"तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं!" तो खेकसला. "तू तुझं काम कर."

भिकू गेली. चौथीत असल्यापासून चामडं ताणताना दुसरी बाजू तीच धरायची. बोटाने टिचकी मारून कोणता स्क्रू ढिला आहे ते सांगायची, आणि कधी चुकायची नाही. त्या दिवसानंतर तिने विचारलं नाही.

पांढरा साक्रीकडच्या एका शाळेला गेला. निळा न्यायला पहूरच्या बँडवाल्याचा मुलगा आला. बापाचा सेट पाहून तो दारातच रडला, म्हणून तोतारामला निदान तिथे तरी बरं वाटलं. काळ्यासाठी एक मंडपवाला आला होता. आत माती भरून झाडं लावीन म्हणाला, शोभेला. तोतारामने त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत शिव्या घातल्या, आणि काळा वर्कशॉपातल्या मित्राच्या माळ्यावर नेऊन ठेवला. राहिला लाल. बाहेरच्या मोकळ्या खोलीत पलंग टाकून त्याने तो त्याखाली सारला आणि वर गोधडी टाकली. टाकताना शेवंताबाईकडे पाहिलं नाही.

यादीच्या दिवशी जळगावचे सहा जण जीपने आले. खोली पाहून कौतिकरावांचा चेहरा खुलला.

"वा! आता कसं घर वाटतंय."

तोताराम हसला. कसा हसला ते त्याचं त्यालाच माहीत. कौतिकरावांनी सतरंजीवर मांडी घातली, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं, वर श्री लिहिला. यादीवर एकदा हळदीकुंकू लागलं की खाडाखोड करायची नाही, ही रीत. म्हणून ते प्रत्येक वाक्य आधी मोठ्याने म्हणत आणि मग उतरवत. साड्या झाल्या, भांडी झाली, कपाट झालं, शिलाई मशीन झालं. दोन्हीकडचे माना डोलवत होते.

"बँड," कौतिकराव म्हणाले, "मुलीकडून. तगडा पाहिजे हं, तोतारामभाऊ. तुमच्या ओळखीतला असेलच. जळगावात नाव निघालं पाहिजे." आणि लिहिलं.

तोतारामचे कान तापले. घरात वाजवणं चालत नाही, दारात चालतं! याचं नाव निघावं म्हणून वाजवणाऱ्यांनी घाम गाळायचा, आणि त्यांचं नाव निघालं की याच्या पोटात दुखणार! तो तोंड उघडणार, तेवढ्यात नानांनी त्याचा गुडघा दाबला. समोर धनसिंग खाली मान घालून बसला होता. आतल्या खोलीत पोरगी होती. तोतारामने तोंड मिटलं.

"आणखी काही?" कौतिकरावांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"एक राहिलंय, काका."

भिकू दारात उभी होती. यादीच्या बैठकीत मुलगी बाहेर येत नाही. ही आली, डोक्यावरचा पदर सावरला, पलंगाशी वाकली आणि गोधडीसकट लाल बेस ड्रम बाहेर ओढला. मागोमाग साइड ड्रम आला, त्याच्या तारा खरखरल्या.

"भिके, मझार जाय!" शेवंताबाई आतल्या खोलीकडे बोट करत ओरडली.

"हा सेट माझ्याबरोबर येणार आहे. तोही लिहा."

"आम्ही हे मागितलेलं नाही," कौतिकराव म्हणाले.

"मुलीकडचे आपखुशीने देतात, तेही यादीत असतं ना?"

"आमच्याकडे कोणी वाजवत नाही, बाई."

"नाचतात ना? तुम्हाला दारात बँड लागतो. मग घरात कशाची लाज वाटते? माझ्या बापाने तुमच्यासाठी तीन सेट घराबाहेर काढले. मला कोणी विचारलं नाही. तुम्ही नाही, आणि यांनीही नाही." शेवटचं ती तोतारामकडे बघूनच बोलली.

नाना कुजबुजले, "तोताराम, पोरले सांग काहीतरी. घोडं अडी जाई."

तोतारामच्या मनात आधी आलं ते हेच, की लाल तर मी माझ्यासाठी ठेवला होता. तेवढा एकच. मग त्याचं लक्ष भिकूच्या हाताकडे गेलं. ती कौतिकरावांकडे रोखून बघत होती, आणि तिचा अंगठा मात्र आपोआप कडेचा एक ढिला स्क्रू आवळत होता. चार सेटांपुढे आठ दिवस बसून त्याने काय ठरवलं होतं कोण जाणे. या पोरीला कळले तेवढे ते सेट त्याला कधी कळलेच नव्हते.

"लिहा, कौतिकराव," तो म्हणाला.

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर वरचा बँड खोडा."

"यादीत खोडत नाहीत, तोतारामभाऊ."

"मला माहीत आहे."

कौतिकरावांनी पुतण्याकडे पाहिलं. धनसिंगची मान आता वर होती. तो सेटाकडे बघत होता, मग भिकूकडे. 'हो' म्हणाला नाही. 'नको'ही म्हणाला नाही. काकांनी शेवटी पेन कागदाला टेकवलं.

"वाजवायचा सेट," ते सवयीने मोठ्याने म्हणत लिहू लागले, "लाल, नग एक." थांबले. "पुढे जुना लिहितो."

"जुना नका लिहू," भिकू म्हणाली. "वाजता लिहा."