अनंतरावांच्या हातचं

अनंतरावांनी जन्मात स्वयंपाकघरासाठी एकच वस्तू स्वतःहून विकत आणली, ती म्हणजे चिनीमातीची एक बरणी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेला हा माणूस एके सकाळी रायपूरच्या गोल बाजारात गेला, दुकानं पालथी घातली आणि बरणी काखेत मारून घामाघूम होत तात्यापाऱ्यातल्या घरी परतला. बायकोला, शारदाला वाटलं, लोणच्यासाठी आणली असेल. पण छे, तिला त्या बरणीला हात लावायचीही मुभा नव्हती. "यात जपानचं येणार आहे," असं सांगून त्यांनी ती खिडकीजवळच्या फळीवर ठेवली आणि घरी येईल त्याला दाखवायला लागले. रिकामी बरणी कौतुकाने दाखवणारा माणूस शारदाने त्याआधी पाहिला नव्हता.

जपानचं म्हणजे काय, ते सांगायला थोडं मागे जायला हवं. त्यांचा मुलगा पराग तिकडे नागोयात नोकरीला. त्याने हिवाळा सरता सरता दोघांना बोलावून घेतलं. पहिले काही दिवस उंच इमारती आणि चकचकीत गाड्या बघून अनंतराव कंटाळले. त्यांना माणसं लागत, आणि तिथली माणसं कमरेत वाकून पुढे निघून जात. मग परागने दोघांना डोंगरातल्या एका खेड्यात नेलं. तिथे जुन्या शेतकरी घरांत पाहुण्यांना ठेवून घेतात. पाहुण्यांनी घरच्यांबरोबर राहायचं, त्यांच्याबरोबर रांधायचं, कागद करायचा, सूत रंगवायचं. "म्हंजे सुट्टी काढून लोकायच्या घरी राबाचं," अनंतराव म्हणाले. जाताना गाडीत त्यांनी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की परागने शेवटी कानात गाणी लावली.

घर हिसाए नावाच्या म्हाताऱ्या बाईचं होतं. पाठीत वाकलेली, पण पायांत चाकं लावल्यासारखी फिरणारी. पहिल्या दिवशी तिने त्यांना शेजारी नेलं, तिथे झाडाच्या सालीच्या लगद्यापासून कागद करायचे. शारदाने जाळीची चौकट पाण्यात बुडवून एक वाकडातिकडा कागद केला आणि त्यात नेच्याचं एक पान घातलं. अनंतराव हात पाठीमागे बांधून साहेब इन्स्पेक्शनला आल्यासारखे उभे राहिले. रात्री चुलीभोवती जेवण झालं. परागने आधीच सांगून ठेवल्यामुळे मासळी कशातच नव्हती. भात, रानातली भाजी, सोयाबीनचं पनीर आणि वाटीत मिसोचं गरम पाणी. हा मिसो म्हणजे सोयाबीन शिजवून, वाटून, मीठ घालून वर्षभर मुरवलेला खारा लगदा. अनंतरावांनी घोट घेतला आणि निकाल दिला, "मीठ कमी आहे."

हे व्हायचंच होतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिला घास घेऊन मिठाचा निकाल दिला नाही असा दिवस गेला नव्हता. कमी आहे, जास्त आहे, आणि बरोबर असेल तेव्हा गप्प. शारदाच्या हाताला चव आहे असं सगळी आळी म्हणायची, नवऱ्याच्या तोंडून मात्र तिला मिठाखेरीज काही ऐकायला मिळालं नाही. आणि स्वयंपाकघरात पाऊल म्हणाल तर पाण्याच्या पेल्यापुरतं.

दुसऱ्या दिवशी हिसाएबाईंनी मिसो करायला घेतला. शारदा सवयीने पदर खोचून पुढे झाली, तर बाईंनी तिला खांद्याला धरून चहाचा पेला देऊन बसवलं आणि एप्रन अनंतरावांच्या गळ्यात घातला. पराग हसू दाबत सांगू लागला की ही म्हणते, घरी रोज आईच करते ना, मग आज आई बसेल. अनंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. रायपूरचं कोणी बघत नव्हतं.

शिजलेले दाणे पुढ्यात आले आणि त्यांचा चेहरा फुलला. "अवं, हे तं आपल्या वर्ध्याकडचं सोयाबीन आहे नं!" मग हिसाएबाईंना ते चक्क मराठीत सांगत सुटले की आमच्याकडे शेतंच्या शेतं याची, पण सगळं तेलाच्या गिरणीत जातं. बाई मान डोलावत होत्या. कोपरापर्यंत हात घालून अनंतरावांनी दाणे कुस्करले, तांदळाचं विरजण मिसळलं, मीठ घातलं. बाईंची पाठ वळली तशी आणखी एक मूठ मीठ टाकलं आणि शारदाला डोळा मारला. "एवढ्याशानं काय होते? अळणी लागन ते."

मग त्या लगद्याचे लाडू वळून पिंपात जोराने आपटायचे होते, म्हणजे आत हवा राहत नाही. अनंतराव प्रत्येक लाडू असा हाणत होते की परागच्या चष्म्यावर शिंतोडे उडाले. शारदा पाय लांब करून चहा पीत हे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. आपल्यासाठी दुसरं कोणी रांधतंय आणि आपण नुसतं बसलोय, असा तास तिच्या वाट्याला आधी कधी आला नव्हता. तिला फार सुख वाटलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

हिसाएबाई म्हणाल्या, दाणे तेच, मीठ तेच, पण ज्याचा हात लागतो त्याची चव मिसोला येते, कोणाचा मिसो दुसऱ्यासारखा होत नाही. म्हणून पिंपाच्या झाकणावर नाव लिहायचं. अनंतरावांनी पार्सलवर लिहावं तसं ठसठशीत देवनागरीत स्वतःचं नाव लिहिलं. वर्षभराने मुरला की उघडायचा. विमानात बसेपर्यंत ते बायकोला एकच सांगत होते, "पुढच्या वर्षी माह्या हातचं खाशीन तू."

बरणी आली ती यानंतर. आणि आषाढात एका सकाळी दाढी करताना अनंतराव न्हाणीघरात कोसळले.

जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. पण घरावर खरी कुऱ्हाड कोसळली ती निराळीच. त्यांना गिळता येईना. घास काय, स्वतःची लाळसुद्धा घशातून वाट चुकून छातीत जायची. डॉक्टरांनी पोटाला नळी बसवली आणि तोंडाने काहीही द्यायचं नाही असं बजावलं. डोकं मात्र शाबूत होतं. त्यांना सगळं समजत होतं, आणि शारदाला कधी कधी वाटे, नसतं समजलं तर बरं झालं असतं.

आता ती रोज खिचडी शिजवायची, पाणी घालून मिक्सरला फिरवायची, फडक्यातून गाळायची आणि मोठ्या पिचकारीने नळीत ढकलायची. हाताखाली बीरगावहून येणारी सरला होती. शारदा त्या पाण्याची आधी चव बघायची, तेव्हा सरला नवल करायची की दीदी, नळीला काय कळतंय. चव बघितल्याशिवाय तिला त्यांना काही वाढताच येत नव्हतं. स्वतःचं ताट ती आत, दार लोटून, उभ्या उभ्या उरकायची, कारण ती खायला बसली की त्यांची नजर ताटापासून तोंडापर्यंत तिच्या हाताबरोबर फिरायची.

दिवाळीत तिने चूक केली. बासुंदी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. भाऊबीजेला घरात कोणी नाही असं बघून तिने बोटाच्या टोकाला लागेल एवढी बासुंदी त्यांच्या जिभेवर ठेवली. त्यांनी डोळे मिटले. क्षणभर तिला वाटलं, आपण फार शहाणपण केलं. मग खोकला सुटला, चेहरा निळा पडला, आणि पुढचे कित्येक दिवस ते काचेच्या पलीकडे यंत्रावर होते. डॉक्टर ओरडले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "माताजी, दुबारा ऐसा हुआ तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा." ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून अनंतरावांनी तोंड मिटलं ते मिटलंच. जिभेचा, जबड्याचा व्यायाम घ्यायला एक पोरगी यायची. ती "आ करिए बाबूजी" म्हणून लाडीगोडी लावायची, आरसा दाखवायची, पण त्यांचे दात घट्ट. भीती होती की राग, हे शारदाला कधीच कळलं नाही.

फाल्गुनात पराग रजा घेऊन आला. बॅगेतून त्याने कपड्यांत गुंडाळलेला एक डबा काढला. हिसाएबाईंनी पिंप उघडून मिसो भरून दिला होता आणि पिंपाचं झाकणही आठवणीने सोबत दिलं होतं. शारदाने झाकणावरचं नाव पाहिलं. ते अक्षर आता कुठेच उमटणार नव्हतं. ती झाकण मांडीवर घेऊन बसून राहिली.

पण बसून किती वेळ राहणार? तिने बरणी फळीवरून काढली, धुतली, उन्हात वाळवली आणि तो तपकिरी लगदा तिच्यात भरला. मग मनातलं बोलून दाखवलं. तोंडाने नाही तर नाही, कोमट पाण्यात कालवून नळीतून तरी जाऊ दे. त्यांच्या हातचं त्यांच्या पोटात जाईल. परागने लगेच डॉक्टरांना फोन लावला, आणि फोन ठेवून लहानपणापासूनच्या सवयीने हिंदीतच आईला म्हणाला,

"नहीं आई. ट्यूब से भी नहीं. खिचड़ी तक में नमक बंद है, इसमें तो बहुत है, बीपी फिर बढ़ जाएगा."

"चिमूटभर रे."

"मैंने पूछा. चुटकी भर भी नहीं." तो अंगणात निघून गेला.

म्हणजे तीही वाट बंद. शारदाला वाटलं, बरणी माळ्यावर टाकावी, म्हणजे ती त्यांना दिसणार तरी नाही. ती उचलायला गेली, तर पलंगावरून हूं हूं असा आवाज आला. अनंतरावांना झाकण दिसलं होतं. त्यांनी डावा हात उचलून बरणीकडे बोट केलं. मग तेच बोट तिच्याकडे केलं.

तिला कळलं. तरी तिने न कळल्यासारखं केलं. त्यांनी पलंगाच्या काठावर थोपटलं, इथे बस. पुन्हा बरणी, पुन्हा ती.

"नाही हो. तुमच्यासमोर मले नाही खाल्ल्या जात."

त्यांनी पुन्हा थोपटलं. सरला दारात येऊन उभी राहिली होती. शारदाने चमचा आणला, बरणीतून थोडंसं घेतलं आणि त्यांच्याजवळ बसून तोंडात घातलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याच्या हातचं खात होती. जीभ चरचरली. तिला ती मूठ आठवली, आणि मारलेला डोळाही. अनंतराव डोळ्यांची पापणी न हलवता निकालाची वाट बघत होते.

"मीठ जास्त झालं," ती म्हणाली.

त्यांचा अर्धा चेहरा हसला. छातीतून खर्र खर्र आवाज यायला लागला, गाल ओले झाले, आणि तीही हसायला लागली, रडायलाही लागली. मग त्यांनी तिला जे कधीच सांगितलं नव्हतं, ते तिने त्यांना सांगितलं. "पण चांगलं झालं आहे. लयच चांगलं झालं आहे हो." आणि ते नुसतं बोलणं नाही हे दाखवायला तिने दुसरा चमचा भरला.

तेव्हा अनंतरावांनी तोंड उघडलं.

आरसा नको, लाडीगोडी नको, आपणहून उघडलं, जबडा ताणून, जीभ पुढे करून. त्या पोरीला चार महिने जमलं नव्हतं ते झालं होतं. "मुँह खोल दिहिस, दीदी," दारातून सरला हळूच म्हणाली. ते तसेच थांबले, डोळे चमच्यावर लावून. त्यांना डॉक्टर माहीत होते, काच माहीत होती, सगळं माहीत होतं. तरी तोंड उघडंच होतं.

शारदाचा हात निम्म्या वाटेपर्यंत गेला. मग तिने तो मागे घेतला आणि चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

अनंतराव तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले.