चूळ भरा, बाबा!

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाधा चोखून काढणाऱ्या फुंकरबाबांनी लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईच्या मुलीला समोर खुर्चीत बसवलं होतं. वय तेरा. मैत्रिणींनी वाळीत टाकलं, तेव्हा तिने एकीच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि मग तोंडच मिटलं. किती दिवसांत चकार शब्द नाही. आईने लाड केले, मारलं, शपथा घातल्या. डॉक्टर तेवढा राहिला. लोक काय म्हणतील!

"हिची वाचा बांधलीय!" बाबा गरजले. तिच्या गळ्यावर ओला रुमाल ठेवून त्यांनी तोंड टेकलं, चुरुचुरु चोखलं आणि थाळीत थुंकले. केसांचा काळा गोळा! बाया रडू लागल्या. मैत्रिणी धावत आल्या, चावा खाल्लेलीसुद्धा. "उद्यापासून आमच्याच बाकावर बस हं!"

आईला हुंदका आवरेना. दोष लेकीचा नव्हता, गोळ्याचा होता, एवढंच तर तिला ऐकायचं होतं. "बरं वाटतंय ना गं राणी?"

मुलगी बाबांकडे बघत होती. ते पुढच्या पोराकडे वळले होते. "आई," ती बोलली, "त्यांना आधी चूळ भरायला सांग. गाल फुगलाय."

गर्दीतल्या तिच्या वर्गशिक्षिकाबाईंनी लगेच पाण्याचा पेला पुढे केला. "भरा की! दैवी शक्ती पाण्याने थोडीच विरघळते?"

"माझं मौन सुरू झालंय," बाबा बोबड्या स्वरात बोलले. मौनातही बोलणारा महात्मा! लोकांनी धरून चूळ भरायला लावली, तर दुसरा गोळा बाहेर पडला. सगळे गोळे घरूनच गालात येत होते. बाबा मागच्या दाराने पसार झाले.

मैत्रिणींनी तिचा हात सोडला. "म्हणजे हिला काही झालंच नव्हतं? ही आहेच तसली!"

आई भडकली. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं? मैत्रिणी तरी मिळाल्या असत्या!"

"मिळाल्या असत्या. पण सकाळी उठावंसं वाटतच नाही, आई. आत अजून तसंच आहे."

आईने तिला दंडाला धरून घरी नेलं.

लोकहो, अशी न सरणारी उदासी हा आजार आहे. तिला बाधा म्हणू नका, थेरं म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. आणि लेकरू कधी बोललंच, तर गप्प बसायला हवं होतंस, असं त्याला सांगू नका. ही पोरगी त्या दिवसापासून पुन्हा बोललेली नाही.