एकाच नंबरचे दोन मेल

कारखान्यातल्या अपघाताची चौकशी करणारी समिती चार वाजता निकाल लिहायला बसणार होती आणि फोरमन अजून एकच गोष्ट धरून बसला होता: पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनची संरक्षक जाळी निखळत आल्याचा मेल त्याने मॅनेजरला अपघाताच्या तीन दिवस आधी, सोमवारी केला होता. मॅनेजर म्हणत होता, असा मेल आलाच नाही. कारखान्याचे सगळे जुने मेल शोधायचं काम एका प्रोग्रॅमरबाईकडे होतं, कारण शोधणारं सॉफ्टवेअर तिनेच लिहिलेलं. तिने तीनदा शोधलं आणि तीनदा "नाही" असं लेखी दिलं.

साडेतीनला ती पाणी प्यायला बाहेर आली, तेव्हा फोरमन उठून उभा राहिला. समोरच्या बाकावर एक बाई त्याच्याकडे पाठ करून बसली होती. ती त्याची सख्खी बहीण. प्रेसमध्ये दोन बोटं गेली ती तिच्या मुलाची.

"ताई, मी खोटारडा असेन तर तसं लिहा," तो प्रोग्रॅमरबाईला हळू आवाजात म्हणाला. "पण अजून एकदा बघा."

ती खोलीत परतली. या वेळी शोधत बसण्याऐवजी तिने नुसते मेल मोजले. फोरमनच्या कॉम्प्युटरवरून आलेले मूळ साठ्यात एक हजार आठशे सेहेचाळीस; तिच्या यादीत छप्पन्न कमी. ते छप्पन्न कुठे गळले, ते ती तपासू लागली.

प्रत्येक मेलवर एक नंबर पडतो आणि तो दुसऱ्या कुठल्याही मेलवर पडू नये, असं गृहीत असतं. पण त्या जुनाट कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलेलं. वीज गेली की तो पुन्हा त्याच तारखेपासून, त्याच आकड्यापासून सुरू व्हायचा आणि आधी दिलेला नंबर नव्या मेलवर मारून मोकळा व्हायचा. तोच नंबर पुन्हा दिसला की तिचा प्रोग्रॅम समजायचा, ही आधीच्या मेलचीच प्रत, आणि ती वगळायचा. सहा वर्षांपूर्वी ती अट तिनेच घातली होती. वर, काम झटपट होतं म्हणून शाबासकीही मिळवली होती.

तिने अट बदलली: नंबर एक असला तरी मजकूर वेगळा असेल, तर दोन्ही ठेव. दहा मिनिटांत छप्पन्नच्या छप्पन्न मेल वर आले. हातमोजे मागणाऱ्या एका जुन्या मेलचा जो नंबर, त्याच नंबरचा फोरमनचा मेल त्यांत होता, आणि कारखान्याच्या सर्व्हरवर तो सोमवारीच पोचल्याची नोंद होती.

तिने आपल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, मेल द्या, पण उशिरा हाती लागला एवढंच सांगा. हेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना कशाला घाबरवायचं? तिने फोन ठेवला आणि मेल छापून घेतला. चार वाजायला सहा मिनिटं होती.

आत गेल्यावर अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे तुम्ही तीनदा लिहून दिलंत ते चुकीचं?"

"हो. चूक माझ्या प्रोग्रॅमची, म्हणजे माझीच."

मग मेल वाचला गेला. जाळीचे दोन बोल्ट निखळलेत, ताबडतोब बदला. मॅनेजरने मान खाली घातली. पण मेल तिथे संपत नव्हता. शेवटची ओळ होती: तोवर तार बांधून शनिवारपर्यंत चालवतो.

अपघात गुरुवारी झाला होता.

ही ओळ फोरमनच्या ध्यानातून गेली होती, की त्यानेच ती मनातून काढून टाकली होती, कोण जाणे. "तार मीच बांधली," तो म्हणाला. समितीने दोष दोघांवर ठेवला, मॅनेजरवर जास्त.

बाहेर बहिणीने भावाकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तार बांधलीस तेव्हा तिथे कोण उभं राहणार, माहीत होतं तुला?"

"होतं."

ती उठून गेली नाही. थोडं सरकून तिने त्याला बाकावर जागा केली.

प्रोग्रॅमरबाईने त्याच संध्याकाळी अकराही गिऱ्हाइकांना आपली चूक कळवली. साहेबांनी पुढचं काम तिच्याकडून काढून घेतलं. दोन दिवसांनी एका गिऱ्हाइकाचं उत्तर आलं: आमच्याकडेही तीनशे मेल कमी भरतात, लगेच या.