पांढरी लड

मी भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकते. रंगाईच्या कारखान्यात सगळे मला ठिणगी म्हणतात आणि हे नाव माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं ठेवलंय. कारखाना तिचाच. सुताच्या लडी रंगवायच्या, वाळवायच्या, विणकरांकडे पाठवायच्या. तिथं ताईचा एकच कायदा होता : हंड्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रंग बदललास तर आच तीच ठेव. आच बदललीस तर मिठाला हात लावू नकोस. नाहीतर लड कशानं बिघडली ते कुणाच्या बापाला कळायचं नाही. कुणी हा कायदा मोडला की ताई अशी ओरडायची, की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबायचा.

कॅन्सर झाला आणि ते ओरडणं बंद झालं. तिच्या मानेत गाठी आल्या होत्या. केमो सुरू झाली, केस गेले, अंगातलं बळ गेलं, पण गाठी विरघळायला लागल्या. डॉक्टरबाई मोजून बोलणाऱ्या. त्यासुद्धा म्हणाल्या, "औषध लागू पडतंय."

भाऊजींना मात्र तेवढ्यानं चैन पडेना. माझे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, घड्याळं दुरुस्त करतात. बंद पडलेली वस्तू समोर असताना हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमतच नाही. ते दुकानात भिंग बाजूला ठेवून फोनवर कॅन्सर वाचत बसायचे.

"अगं, जुनी औषधं नव्या आजारावर चालतात," ते मला सांगायचे. "मोठमोठे लोक त्यावर संशोधन करतायत."

"मग डॉक्टरबाईंना विचारा की."

"त्या हसतील."

"हसू देत! तुम्ही घड्याळं उघडता भाऊजी, माणसं नाही."

ते गप्प बसले. मला वाटलं, जिंकले. भाऊजी गप्प बसतात तेव्हा ऐकत नसतात, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

पुढच्या केमोच्या आधी रक्त तपासलं तर यकृताचे आकडे वर चढलेले. डॉक्टरबाईंनी केमो थांबवली.

"आणखी काही घेताय का? गोळ्या, काढे, काहीही?"

"नाही," ताई म्हणाली. भाऊजी छताकडे बघत होते.

"आकडे उतरले नाहीत तर हे औषध मला बंद करावं लागेल. आणि आत्ता तुमच्यावर हेच चालतंय."

 

दुसऱ्या दिवशी ताई हट्टानं कारखान्यात आली. सायीच्या रंगाची एक लड तिच्या मनासारखी उतरत नव्हती. असला फिका रंग पारखायचा तर आम्ही खिडकीशी जाऊन शेजारी न रंगवलेली पांढरी लड धरतो. नुसत्या नजरेला पांढरं वाटतं ते पांढऱ्याशेजारी लगेच उघडं पडतं. मी लड वर धरली, ताई वाकली, आणि लडीच्या शेजारी तिचे डोळे आले.

डोळे पिवळे होते.

"ताई, काय खातेस तू?"

"कुठं काय?"

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. मी रंगारी आहे."

ती स्टुलावर बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जंतांवरची गोळी. मधुमेहाची गोळी, तीही मधुमेह नसताना. हळदीच्या कॅप्सूल, हिरव्या चहाचा अर्क, सकाळी काढा, झोपताना आणखी एक काढा. भाऊजी आणून द्यायचे आणि ही मुकाट गिळायची.

"त्याला झोप येत नाही गं," ती म्हणाली. "मी गोळी घेतली की त्याच्या चेहऱ्यावर जरा हसू येतं. ते कसं मोडू?"

माझं डोकं सणकलं. "हंड्यात एका वेळी एकच गोष्ट बदलणारी बाई तू! आणि स्वतःच्या पोटात अख्खं दुकान ओतलंस?"

ती माझ्या हातातल्या लडीकडे बघत राहिली. चिडेल असं वाटलं होतं, पण तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"चल," ती म्हणाली. "घरातला गोळ्यांचा डबा घेऊन ये. आणि त्यालाही घे."

डॉक्टरबाईंनी डब्यातली एकेक बाटली टेबलावर मांडली. भाऊजींचे कान लाल झाले होते. बाई हसल्या नाहीत.

"मधुमेहाच्या या गोळीवर कॅन्सरसाठी खरंच अभ्यास झालेत," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या आजारात उपयोग होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. जंतांची गोळी, हा अर्क, ह्या हळदीच्या कॅप्सूल, ह्यांतलं काहीही यकृताला जड जाऊ शकतं. सगळं एकदम घेतल्यावर मी दोष कुणाला देऊ?"

"बाई माझंच वाक्य मला ऐकवतायत," ताई पुटपुटली.

सगळं बंद झालं. आम्ही वाट बघितली. भाऊजी तर मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. दुकानही उघडत नव्हते. मग रक्ताचा अहवाल आला. आकडे उतरले होते. पुढच्या तपासणीत आणखी उतरले, आणि केमो परत सुरू झाली. माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी डॉक्टरबाई भाऊजींकडे वळल्या. "तुम्हाला काहीतरी करायचंय ना? यांना रोज चालायला न्या. त्यानं गाठी जाणार नाहीत, पण थकवा कमी होईल, केमो सोसेल. आणि जुनं औषध नवं काम करतं, हे तुमचं खरंय." त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. "ही गोळी मुळात मानसिक आजाराची. केमोच्या मळमळीवर चालते, हे नीट तपासून ठरलंय. आता एवढी एकच देतेय. काय फरक पडतो ते मला सांगायचं."

फरक पडला. ताई जेवायला लागली. भाऊजी तर रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटले, "मी म्हणतच होतो!" मी त्यांना म्हणू दिलं. माझ्यासारखीनं तोंड आवरलं, यावरून माझा आनंद ओळखा. रोज सकाळी ते ताईला चालवून आणायचे. आधी कोपऱ्यापर्यंत, मग पुलापर्यंत. ती दमली की घड्याळ बघायचं सोडून तिच्याकडे बघत उभे राहायचे.

शेवटची केमो झाली. स्कॅन झालं. डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

"कुठंही काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तपासणीला येत राहायचं. पण आज काही दिसत नाही."

भाऊजी खुर्चीतच रडायला लागले. ताईनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि मला म्हणाली, "चल, कारखाना उघडा टाकून आलीयेस."

ती थेट हंड्यांपाशी गेली. मी लगबगीनं पांढरी लड घेतली, तिला खिडकीशी ओढलं, लड तिच्या चेहऱ्याशेजारी धरली. डोळे स्वच्छ पांढरे. लडीला लाजवतील असे.

पण तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या हंड्याकडे गेली होती. निळी लड डागाळलेली होती. ती नसताना मी मीठही वाढवलं होतं आणि आचही.

"ठिणगे!" ती कडाडली. "दोन गोष्टी एकदम कुणी बदलल्या?"

समोर न्हाव्याचा वस्तरा थांबला. मी कानफटात खाल्लेल्या पोरीसारखी उभी होते आणि आनंदानं रडत होते.

"मी," म्हटलं. "आणखी ओरड ताई. थांबू नकोस."