पूजेच्या दिवशीची ड्यूटी

लासुर्ण्यातल्या छोट्या दवाखान्याचे डॉक्टर सर्जेराव बारामतीहून कसलंसं शिबिर करून आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ज्योत्स्ना सिस्टरला केबिनमध्ये बोलावलं.

"सिस्टर, यापुढं तुम्ही वॉर्डाच्या इन्चार्ज. आणि यंदा दवाखान्याच्या सत्यनारायणाला तुम्ही आणि तुमचे यजमान संघपालराव जोडीनं बसायचं. आपल्याकडं भेदभाव नको!"

म्हातारा भलताच खुशीत होता. मान मनापासून देत होता, आणि झाली की नाही पंचाईत! ज्योत्स्नाच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात पूजा नाही. इन्चार्ज व्हायची तर ती कधीची वाट बघत होती. नाही म्हणावं तर हातात आलेलं पद जाणार. हो म्हणावं तर नवऱ्याचं राहू द्या, तिला स्वतःलाच तोंड दाखवायची सोय नाही.

"सर, मी पूजेला न्हाय बसायची," ती म्हणाली. "आमी बौद्ध. आमच्यात पूजा न्हाय."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "अहो, मला तर तुम्हाला मान द्यायचा होता."

"मग पंगतीला बसवा."

"म्हणजे? दरवर्षी जेवता की!"

"कुठलं, सर? आमा दोघींची पूजा न्हाय, म्हणून त्या दिवशी वॉर्डाची ड्यूटी कायम मला आन इफ्फतला. ताट वर वॉर्डात येतं ते गारढोण. कुणी मुद्दाम करत न्हाय, पण कुणाला सुचतबी न्हाय."

डॉक्टरांनी समोरचा केसपेपर ओढला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ती बाहेर येऊन खुर्चीत मटकन बसली. गेलं इन्चार्जपद, असंच धरून चालली बिचारी. इफ्फत, वॉर्डातली दुसरी नर्स, तिला पाणी देऊन गेली.

पूजेच्या दिवशी खाली पानं मांडली, आणि डॉक्टर नेसल्या सोवळ्यानिशी जिना चढून वॉर्डात आले. गळ्यात स्टेथोस्कोप.

"इन्चार्ज सिस्टर, तुम्ही दोघी जेवून या. कुणाला काय द्यायचं तेवढं मला सांगून जा."

ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. कसंबसं तिनं सांगितलं आणि खाली गेली.

आया लक्ष्मीबाई वाढत होती. दोघींना बघून ती खुलली, आणि कढईतली भजी तिनं थेट त्यांच्या पानात वाढली. इफ्फतनं एक तोंडात टाकलं अन् ज्योत्स्नाकडं बघतच राहिली.

"ताई, हितली भजी कुरकुरीत असत्यात व्हय?"

लक्ष्मीबाईचा हात तसाच थांबला. दरवर्षी वर ताटं तीच नेऊन द्यायची.