पिवळी किटली

वादळ गेलं आणि माझं सगळं भात आडवं झालं. लोंब्या पाण्यात. असंच पडून राहिलं तर दाण्याला तिथल्या तिथे कोंब फुटतात, मग ते डुकरांनाही घालवत नाही. मुलगा पुसानला नोकरीत, नवरा टेकडीवर मातीखाली. मी एकटी बाई काय काय उभं करणार? सरपंच चो म्हणाला, "ओक-बुन, पलटणीकडे माणसं मागितलीत. येतील."

सीमेजवळच्या आमच्या गावात हे नवं नाही. आम्ही त्यांच्या तोफांचे आवाज सोसतो, स्वतःच्या शेतावर जायला त्यांच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवतो. आणि आमचं भात पडलं की ते चिखलात उतरतात. पूर्वी पोरं राबायची, आम्ही खाऊपिऊ घालायचो, गाणी व्हायची. या वर्षी मात्र गावाशी संबंध सांभाळणारा कॅप्टन कू आधीच येऊन बजावून गेला.

"आजी, कुणाला काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा आम्हीच आणू. फुकटचे मजूर केलेत म्हणून पोरांचे आईबाप तक्रारी करतात. तुमचं-आमचं बिघडू नये म्हणूनच हा नियम."

"दारात आलेल्याला कोरड्या घशानं राबवायचं, आणि म्हणे संबंध," मी म्हटलं. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

माझ्या शेतात आलेल्यांत की-छान होता. दक्षिणेकडच्या बेटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा. बाकीचे शहरी गडी विंचू धरावा तसं भात धरत होते. हा भाताचे चार झुबके एकत्र घेऊन एका पिळात बांधायचा आणि ते ताठ उभे राहायचे. मी बांधावरून म्हटलं, "मला नात नाही म्हणून वाचलास. नाहीतर आज तुला नातजावई करूनच सोडलं असतं."

"आजी, आधी आईला बरं होऊ दे," तो म्हणाला. तिच्या पोटात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन. त्याला शनिवारपासून रजा मंजूर झाली होती. "आत नेण्याआधी माझं तोंड बघायचंय म्हणते. फार भित्री आहे हो."

जेवणाच्या सुट्टीत सगळे ट्रकपाशी पाव खात बसले. हा एकटा राहिलेली ओळ संपवत होता, कपाळापर्यंत चिखल. माझ्यानं बघवेना. घरातून पिवळी किटली आणली. आत माकोल्ली, मीच आंबवलेली तांदळाची पांढरी दारू. माझ्या शेतात घाम गाळलेला माणूस ती प्यायल्याशिवाय कधी परत गेलेला नाही. मी वाडगा भरला.

"नको, आजी."

"घे रे."

"खरंच नको, आजी."

आता आमच्यात दोनदा नको म्हणायचंच असतं. पहिल्याच बोलावण्याला हात पुढे करतो तो अधाशी. आणि वडीलधारं माणूस तिसऱ्यांदा म्हणालं की नाही म्हणता येत नाही. मी तिसऱ्यांदा म्हटलं.

त्याने दोन्ही हातांनी वाडगा घेतला आणि मोठ्यांसमोर पितात तसं तोंड बाजूला वळवून ओठाला लावला. गुणी पोर. बाजूला म्हणजे रस्त्याकडे, आणि रस्त्यावर कॅप्टनची जीप नुकतीच येऊन थांबली होती. माझ्याकडे बघत उद्धटासारखा प्यायला असता, तर कॅप्टनला त्याची नुसती पाठ दिसली असती.

शिट्टी झाली. सगळी पोरं ट्रकमध्ये भरली, अर्धं शेत तसंच पडलेलं. संध्याकाळी सरपंच दारात आला. "की-छानची रजा रद्द. आणि गावात आता एकही शिपाई येणार नाही. तुझ्या एका वाडग्यापायी सगळ्यांचं भात कुजणार, कळलं?"

भाताचं मला कळत होतं. पण डोळ्यांपुढे ती बेटावरची भित्री बाई येत होती, दाराकडे बघत पडलेली.

सकाळी मी पलटणीच्या फाटकावर गेले. कॅप्टन बाहेर आला तशी रस्त्यावर गुडघे टेकले.

"आजी, उठा. लोक बघतायत."

"बघू देत. दारू मी पाजली. मला कोंडा."

"तुम्हाला कसं कोंडू? मी वर विनंती पाठवली होती. नाही म्हणाले." त्याने मला उठवायला हात पुढे केला. "आता झाकलं तर उद्या बोंब होईल, की गावानं पाजली आणि पलटणीनं लपवलं. मग पुढच्या वर्षी तुमच्या शेतात कोण येणार?"

"कुणी नका येऊ. कुजू दे माझं भात. त्याला शनिवारी जाऊ दे रे, तुलाही आई असेल."

तो आत निघून गेला. मी रोज जाऊन बसले. शनिवारची बस माझ्यासमोरून गेली. पहारेकऱ्याने खुर्ची आणून दिली, ती मी लाथेनं पाडली. मग तीच उचलून बसले, गुडघे राहिले नव्हते.

शेतात कोंब फुटले. मी बघायलासुद्धा गेले नाही.

पुढच्या आठवड्यात बाजाराला निघाले, तर बसथांब्यावर की-छान. इस्त्रीचा गणवेश, खांद्याला पिशवी. माझ्या जिवात जीव आला. चिखलाच्या बुटांनी धावतच गेले.

"मिळाली ना रजा! ऑपरेशन पुढे ढकललं का?"

"नाही, आजी. सोमवारीच झालं." तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "टेबलावरच गेली. अशा वेळी रजा देतात. कॅप्टनसाहेबांनी स्वतः धावपळ करून आणली."

मी बाकावर बसले. माझ्या पिशवीत सातूच्या चहाचा थर्मास होता. त्याचं झाकण भरलं.

"नुसता चहा आहे रे. लांब जायचंय तुला."

"नको, आजी."

"घोटभर."

"खरंच नको, आजी."

दोनदा झालं. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्याला घ्यावंच लागलं असतं. मी झाकण हातात धरून गप्प बसले. बस येईपर्यंत चहा गार झाला होता.