अडीच डेसिबल

ताश्कंदच्या जुन्या शहरात तोहिरच्या कानाबद्दल कोणी शंका घेतली असती, तर लोकांनी शंका घेणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. एकतीस वर्षं हा माणूस परदेशी सिनेमांवर उझबेक आवाज चढवायच्या स्टुडिओत बसला. कोणाला नवा स्पीकर घ्यायचा असो की जुना टेप विकायचा असो, लोक आधी तोहिरला घरी न्यायचे, चहा पाजायचे आणि त्याची मान आडवी हलते की उभी ते बघत बसायचे. मान आडवी हलली की सौदा मोडला. इतका सरळ मामला.

त्याच स्टुडिओत काचेपलीकडे मुनव्वर उभी राहायची. सिनेमातल्या आया, सासवा, राण्या, एकदा तर एक म्हातारी कोल्हीणसुद्धा, सगळ्यांना तिने आवाज दिला. तिची एक खोड होती. वाक्याच्या आधी ती बारीकसा श्वास घ्यायची, दारात थबकून मग आत यावं तसा. तोहिरसारखे आवाज जुळवणारे बाकीचे मिक्सर तो श्वास कापून टाकायचे. तोहिरने एकदाही कापला नाही. एक दिवस ती कमरेवर हात ठेवून विचारायला आली, "तुम्हीच का नाही कापत?" हा म्हणाला, "तो कापला तर बोलतंय कोण ते कसं कळणार?" वर्षभरात लग्न झालं.

तीन वर्षांपूर्वी मुनव्वर गेली. मागे राहिलं कपड्यांचं एक कपाट आणि एक तबकडी. तबकडीवर तिचा शेवटचा सिनेमा होता, स्टेशनवर मुलाची वाट बघणाऱ्या आईचा. तोहिरने अंगणातली जुनी कोठीची खोली रिकामी केली, भिंतींना रजया ठोकल्या, पाच स्पीकर मांडले, पडदा लावला. सिनेमातलं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, म्हणून त्याची खुर्ची बरोबर मधल्या स्पीकरसमोर. त्याला दुसरं काही नको होतं. उरलेले दिवस तिचं बोलणं ऐकत काढायचे होते, श्वासासकट.

आणि नेमका त्याचा प्रीअँप जळाला. प्रीअँप म्हणजे ह्या सगळ्या लवाजम्याचं डोकं. तबकडीवरचा आवाज आधी त्याच्याकडे जातो, आणि कुठल्या स्पीकरने काय बोलायचं ते तो ठरवतो. तो बरा नसेल तर पुढचे स्पीकर सोन्याचे असले तरी काय चाटायचेत?

दुसरा घोर त्याहून मोठा होता. डाव्या कानाने बारीक आवाज थोडे कमी येतात, असं डॉक्टर म्हणाले होते. ही गोष्ट तोहिरने एकाच माणसाला सांगितली, एर्किनला. एर्किन रेडिओबाजारात दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. शाळेपासूनचा मित्र, आवाज ऐकायला तोहिरपाशीच शिकलेला. चहाखान्यात तोहिरने खाली मान घालून सांगितलं, तेव्हा एर्किनने समोरच्या नानचा तुकडा तोडला, डोळ्यांना लावला.

"कोणाला सांगितलं तर नान मारो मला," तो म्हणाला.

ह्यापुढे शपथ नाही. देवाची खोटी घेतील, पोराबाळांची घेतील, पण नानची खोटी शपथ कोणी घेत नाही. तोहिर निर्धास्त झाला.

दर महिन्याला सहा जुन्या मित्रांचं गाप भरायचं. पाळीपाळीने एकेकाच्या घरी जेवण, गप्पा, आणि सगळ्यांनी जमवलेली वर्गणी त्या महिन्याच्या यजमानाला. सप्टेंबरची पाळी तोहिरची होती, आणि वर्गणीतून प्रीअँप घ्यायचा हे ठरलेलं. दोन यंत्रं पुढे होती. एक तोहिरने स्वतः शोधलेलं, पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका दिवंगत इंजिनिअरच्या बायकोकडचं. जुनं, काळं, उजव्या कोपऱ्याला पोचा. दुसरं नवं चकचकीत, एर्किनने ओळखीच्या दुकानातून आणलेलं. जुनं बघायला एर्किनही गेला होता. त्याने झाकण उघडलं, आत बराच वेळ बघितलं आणि झाकण बंद केलं.

"बरं आहे," एवढंच म्हणाला.

आता दोन यंत्रं जोखायची तर पहिला नियम एकच. मीटर धरून दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा करायचा. कारण कान हा मेला भोळा प्राणी. जो जरासा मोठ्याने बोलेल त्यालाच तो गोड म्हणतो, आणि हळू बोलणारा बिचारा त्याला मंद वाटतो. हा नियम एर्किनला शिकवला तो तोहिरनेच. मीटरही तोहिरचंच, चामड्याच्या पिशवीत असायचं, आणि ते त्याने आजवर कोणाच्या हातात दिलं नव्हतं.

त्या दिवशी दिलं. यजमानाने ओश, म्हणजे गाजर-मांसाचा पुलाव, स्वतःच्या हाताने करायचा असतो, आणि तांदळाला दम दिला की कढईपासून हलायचं नसतं. पाहुणे यायला लागले होते, गाजराचा वास अंगणभर पसरला होता.

"जोरा, तू कढईपाशी थांब," एर्किन म्हणाला. मित्राला तिथे सगळे 'जोरा'च म्हणतात. "तांदळाचा चिखल झाला तर झोकिर तुला जन्मभर टोमणे मारेल. पातळी मी जुळवतो. मीटर दे."

"टोमणे कसले? मी सरळ उठून जाईन," दात काढायचा धंदा करणारा जाडा झोकिर बाकावरून ओरडला. "आणि मांस मोजून वाढ रे, मागच्या वेळी मला चरबीच आली."

तोहिर हसला आणि मीटर दिलं. ओश खाली उतरवल्यावर एकदा मनात आलं, जाऊन बघावं आकडे. पण पाहुण्याने केलेलं काम यजमानाने पुन्हा तपासायचं? आपल्या घरी जेवायला बसलेल्या माणसाचं? छे. असला हलकटपणा त्याच्या बापजाद्यांनी केला नव्हता.

जेवणं झाली. दोन्ही यंत्रांवर एर्किनने मुनव्वरची सुझानी, भरतकामाची मोठी चादर, टाकली, जुनं कोणतं आणि नवं कोणतं ते दिसू नये म्हणून. स्वतः मागे बसून तो तारा बदलत होता.

"एक नंबर," तो म्हणाला.

स्टेशनवरची आई बोलू लागली. आवाज तिचाच, पण शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"आता दोन नंबर."

आणि मुनव्वर पुढे आली. चक्क चार पावलं पुढे. तोहिरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि पाच मित्रांसमोर त्याने ते पुसलंसुद्धा नाही.

"दोन," तो म्हणाला.

"दोन, दोन! ह्यात विचारायचं काय!" सगळे एका सुरात म्हणाले. जरा जास्तच एका सुरात, पण तेव्हा ते कोणाला कळणार? सुझानी काढली. दोन नंबर नवं यंत्र निघालं.

"जुनं मी पोचवतो बाईंकडे," एर्किन म्हणाला. "तू कशाला जड उचलतोस?"

पहिले दोन दिवस तोहिर आनंदात होता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, श्वास कुठे आहे? आई बोलत होती, शब्द सगळे येत होते, पण शब्दाआधी काही नव्हतं. त्याने आवाज वाढवला, तर 'स' आणि 'श' कानाला ओरबाडायला लागले. कमी केला तर तोंडावर दुपटं ओढल्यासारखी ती गुदमरली. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. उजवा कान पुढे करून ऐकलं. तासन् तास तो माणूस मान वाकडी करून एका श्वासाची वाट बघत बसला.

शेवटी एर्किनला दुकानात जाऊन सांगितलं.

एर्किनने हातातली डाग द्यायची कांडी खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "यंत्र उत्तम आहे, जोरा. तूच निवडलंस, सगळ्यांनी ऐकलं. कान... वय झालं आता आपलं. सवय करून घे."

हे ऐकून तोहिरच्या छातीत जे काही मोडलं, ते बाकी कोणाला ऐकू आलं नाही. मुनव्वर एकदा गेली होती ती दवाखान्यात. आता दुसऱ्यांदा गेली, आणि ह्या खेपेला दोष त्याच्याच शरीराचा होता. तो स्वतःवर इतका चिडला की त्याने तीन आठवडे त्या खोलीचं दार उघडलं नाही.

ऑक्टोबरचं गाप झोकिरकडे होतं. तोहिर बसला, तर झोकिर मुद्दाम उजव्या बाजूला येऊन, हात तोंडाशी धरून ओरडला, "तोहिर! ओश वाढू का? ओश!"

"अरे ओरडतोस काय? मी काय डोंगरावर उभा आहे?"

सगळे खाली बघायला लागले. झोकिर बिचारा मनाने निर्मळ, त्याच्या पोटात काही राहत नाही. "रागावू नकोस रे. एर्किनने सांगितलं आम्हाला तुझ्या कानाचं. तुझ्याकडच्या गापच्या आधीच सांगितलं. म्हणाला, तोहिर जे निवडेल त्याला हो म्हणा, त्याचं मन मोडू नका."

तोहिरचा घास हातातच राहिला. म्हणजे ते "दोन, दोन" ही दया होती. त्याने एर्किनकडे बघितलं. एर्किन नान तोडत होता.

"काळजीपोटी सांगितलं," एर्किन म्हणाला.

तोहिर ताट सोडून उठून गेला. यजमानाच्या घरून असं उठून जायची त्याची आयुष्यातली पहिलीच वेळ.

पण राग तरी किती दिवस पुरतो? आठ दिवसांनी त्याने स्वतःचीच समजूत काढली. शपथ मोडली, खरंय. पण मोडली कशासाठी, तर आपल्यासाठीच ना? बहिऱ्याला बहिरा म्हटलं तर एवढं झोंबायला काय झालं? उरलेत किती मित्र? तंदूरवरून दोन गरम नान घेतले, बगलेत एक खरबूज मारलं आणि भर दुपारी, न कळवता, तो एर्किनची माफी मागायला निघाला.

फाटक उघडंच होतं. द्राक्षांच्या मांडवाखालून तो आत गेला. ओसरीच्या पायरीपाशी आला, आणि थांबला.

उघड्या खिडकीतून श्वास ऐकू आला. बारीक, दारात थबकल्यासारखा. आणि मग मुनव्वर म्हणाली, "अजून एक गाडी आहे. ती बघून जाऊ."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा तोहिरला फक्त आनंद झाला. वेड्यासारखा, खुळ्यासारखा आनंद. ऐकू येतंय! कान शाबूत आहेत! पुढच्या वाक्याआधी पुन्हा श्वास, आणि तोही आला, लख्ख. खरबूज कधी पायरीवर ठेवलं हे त्याला कळलंसुद्धा नाही. मग हळूहळू, थंडीत बोटं बधिर होत जातात तसं, बाकीचं कळायला लागलं.

तो आत गेला. एर्किन खुर्चीत डोळे मिटून बसला होता. समोर काळं यंत्र, उजव्या कोपऱ्याला पोचा. तबकडी तोहिरचीच. "कानाला पाठ असलेल्या आवाजावरच यंत्र जोखावं," असं सांगत त्यानेच आपल्या तबकडीची ही एक प्रत काढून एर्किनला दिली होती. गुरूची विद्या गुरूला फळली, म्हणतात ना, ती ही अशी.

एर्किनने डोळे उघडले. उठला, बसला, पुन्हा उठला.

"किती?" तोहिरने विचारलं. दुसरं काही विचारायची गरजच नव्हती.

एर्किनने यंत्राकडे बघितलं. मग म्हणाला, "अडीच डेसिबल. मधला स्पीकर. ह्या यंत्राचा तेवढाच खाली केला होता. बाकी कशाला हात लावला नाही, खुदाशपथ."

"शपथ नको. तुझी एक शपथ बघितली."

"झाकण उघडलं तेव्हाच जीव बसला रे माझा ह्याच्यावर. असं काम आता कोणी करत नाही. मला वाटलं, तुझा कान तर जातोच आहे... तुला काय फरक पडणार? बाईंना मी पूर्ण किंमत दिली, कोणाला फसवलं नाही."

"कोणाला फसवलं नाहीस?" तोहिरचा आवाज चिरकला. "महिनाभर मी बहिरा होऊन बसलो, एर्किन! बायकोचा आवाज मला ऐकू येत नाही म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली मी! आणि तू खांद्यावर हात ठेवून म्हणालास, सवय करून घे. अडीच डेसिबल एक वेळ सोडून देईन. तो हात कसा सोडू?"

मागे मुनव्वर बोलतच होती. एर्किन लगबगीने यंत्राच्या तारा उपटायला लागला. "ने. आत्ता ने. गाडी काढतो. कोणाला काही सांगायचं नाही, तुझंच आहे ते, ने."

तार सुटली आणि मुनव्वर वाक्याच्या मध्येच थांबली. तोहिरचा हात खरोखर पुढे झाला, पोच्यावरून फिरला. न्यायचं होतं त्याला. हे यंत्र घरी गेलं की ती घरी येणार होती. पण हात तिथेच थांबला.

"नको," तो म्हणाला. "ह्यातून ती बोलली, की मागे मला तू ऐकू येशील."

त्याने तबकडी काढून खिशात घातली. आणलेले नान दोन्ही हातांनी एर्किनच्या टेबलावर ठेवले, सरळ, भाजलेली बाजू वर, जसे पाहुण्यापुढे ठेवतात तसे. अजून कोमट होते.

"ह्याच्यासमोर बोलला होतास. ह्याच्याशीच काय ते बघ."

एर्किनचा चेहरा राखेसारखा झाला. त्या नानला हात लावायची त्याची छाती नव्हती आणि टाकून द्यायचीही.

तोहिर मांडवाखालून परत निघाला. फाटकाशी पोचला तेव्हा मागून हाक आली, "तोहिर!" मग आणखी मोठ्याने, "तोहिर, जोरा!" दोन्ही हाका त्याला स्वच्छ ऐकू आल्या. तिसऱ्या हाकेआधी एर्किनने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. पण सगळ्या गापला ठाऊक होतं की तोहिर बहिरा झालाय, आणि बहिऱ्या माणसाने हाकेला कशाला वळून बघायचं? त्याने फाटक ओढून घेतलं आणि तो घरी गेला.